तलवारी घेऊन पळणारा माणूस

जालना स्टँडवर अंबडची गाडी अजून सुटली नव्हती. सगुणाबाईच्या पुढच्या सीटवर बाप-लेक बसले होते. लेकीच्या मांडीवर चित्रांचे पत्ते होते अन् बापाच्या कपाळावर आठ्या.

"ज्योत्स्ना, ठेव ते पत्ते. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या, पप्पा. टॅरो शिकून राह्यले मी. तिसराच दिवस हाय."

"तुझ्या आजोबानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरातलं पंचांगसुद्धा बाहेर फेकलं. अन् तू मास्तराची पोरगी भविष्य पाहती?"

"भविष्य न्हाई. पत्ता काढायचा अन् चित्रात दिसंल ते बोलायचं. हा बघा तुमचा. एक माणूस तलवारी बगलेत मारून पळून राह्यला. कुणी पाहिलं का म्हणून मागं वळून बघतो."

"मंग?"

"मंग काय, कुणीतरी काहीतरी लपवलंय."

"तुझ्या मायनं सांगितलं ना तुला? तुझ्या भल्यासाठीच ठेवलं मी ते पत्र. नागपूरला एकटी कशी राह्यली असती?"

"कोणतं पत्र?"

सगुणाबाईच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली.

"पप्पा, नोकरीचं? महिनाभर मी पोस्टमनला विचारून राह्यले, तुमच्यादेखत!"

"हळू बोल. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या! आजोबानं पंचांग बाहेर फेकलं अन् तुम्ही माझं पत्र घरात कोंडलं! हजर व्हायची तारीख कोणती होती?"

"पहिले ते पत्ते ठेव."

"तारीख, पप्पा."

"सोमवार."

"कोणता सोमवार?"

"होऊन गेला, बेटा."