सात नंबरच्या पंपाची घरघर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आमचे संचालकसाहेब, वहिनीसाहेब आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

साहेबांबद्दल दोन चांगले शब्द बोला, असा मला आदेश आहे. मी व्हॅक्यूम विभागाचा मेकॅनिक. रिंगमधली हवा उपसून टाकणं, एवढंच एकतीस वर्षं केलं. चांगल्या शब्दांची सवय नाही.

वहिनींसाठी सोपं करून सांगतो. रिंग म्हणजे एक भलीमोठी गोल नळी. तिच्यात अणूंची केंद्रकं सेकंदाला लाखो फेऱ्या मारतात. काही इतकी अल्पायुषी, की मिनिटभरही टिकत नाहीत. एकटं केंद्रक फिरत असलं तरी पडद्यावर बारीक रेष उमटते. त्याचं आयुष्य संपलं, की रेष टुणकन शेजारी सरकते. कधीकधी पंपाच्या घरघरीनंही पडद्यावर खोटी रेष उमटते. अध्यक्षांनी मघाशी गौरवलेला साहेबांचा शोध, तो अशाच एका रेषेचा. टाळ्या मीही वाजवल्या. सवय, दुसरं काय?

पण ती रेष आधी पाहिली कोणी? साहेबांच्या वर्षभर आधी, आमच्या ऑपरेटरबाईंनी. त्या शेवटच्या रांगेत दाराशी बसल्या आहेत. माना वळवायला हरकत नाही. पाळीच्या वहीत त्यांनी लिहिलं, "नवी रेष. बेचाळीस सेकंदांनी सरकली." साहेबांनी खाली शेरा मारला, "सात नंबरच्या पंपाची घरघर. दुर्लक्ष करावे."

बाई म्हणाल्या, "अहो साहेब, घरघर कधी अशी उडी मारते का?"

"मला शिकवू नका!"

दुसऱ्या दिवसापासून बाई स्टोअरमध्ये बोल्ट मोजायला.

आता माझं ऐका. सात नंबरचा पंप त्या दिवशी रिंगवर नव्हताच. बेअरिंग गेलं म्हणून सुटा करून माझ्या टेबलावर पडला होता. हे मला ठाऊक होतं. पण माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता, म्हणून मी तोंडात मिठाची गुळणी धरली. साहेब, तुमचा मला संताप येतो आणि माझी मला लाज वाटते.

संस्थेनं तुम्हाला पेन दिलंय. माझ्याकडून ही भेट, तीच वही. तुमच्या शेऱ्याखाली आज मी लिहिलंय, "पंप दुरुस्तीसाठी काढलेला होता," आणि सही केलीय. त्याखाली एक ओळ मोकळी सोडलीय, बाईंच्या नावासाठी.

आयोजकांनी माइक दिला, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर मंडळी, पोटात घाला.

साहेब, तुम्ही मात्र लिहा. आम्ही थांबतो.