आमदारांना दिलेला शब्द

आमचे आमदार गेले हे मला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, तेव्हा मी एका तुटलेल्या बटणावरून त्याच्याशी भांडत होतो.

पाच वेळा निवडून आलेला माणूस! दर निवडणुकीला आमच्या दारात हात जोडून उभे राहायचे आणि मी मोडक्या तमिळमध्ये ठासून सांगायचो, "अण्णा, माझं मत तुम्हालाच." माझं नाव होतं साताऱ्याच्या मतदारयादीत. चेन्नईची बदली तात्पुरती आहे, असं मी बँकेत बावीस वर्षं म्हणत होतो.

माझी बायको हेमा वारली, तेव्हा ते भेटायला आले. मला राहवलं नाही. "अण्णा, मी तुम्हाला एकदाही मत दिलेलं नाही. माझं इथे नावच नाही."

"ठाऊक आहे, सार. यादी पाठ आहे मला. या घरात एकच मत होतं, तिचं."

"मग माझ्यापुढे हात कशाला जोडायचात?"

"तुम्ही इतकं मनापासून खोटं बोलायचात! तुमच्या मागे उभी राहून ती पदर तोंडाला लावून हसायची. तुम्ही सोडून सगळ्यांना दिसायचं."

निघताना त्यांनी नावनोंदणीचा कोरा अर्ज टेबलावर ठेवला. "आता या घरात एकही मत नाही, सार. भरून टाका."

मी लगेच म्हटलं, "उद्याच भरतो, अण्णा."

अजून भरलेला नाही.