वल्हं वर धरलेला माणूस

पोलीस ठाणे ईराक्लिया, जिल्हा सेरेस
दिनांक ६ फेब्रुवारी

मी, एवांथिया दुकारी, वय ४७ वर्षे, धंदा निसर्गाचे फोटो काढणे, राहणार कावाला, जुन्या बंदरामागे, आज ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की, मला कोणी बोलावलेले नाही. मी स्वतःहून आले आहे.

माझे घर कावालात असले तरी वर्षातले निम्मे दिवस मी माझ्या व्हॅनमध्ये काढते. डोंगर, तळी, किनारे यांचे फोटो काढून कॅलेंडरवाल्यांना व हॉटेलांना विकते. दर हिवाळ्यात केर्किनी तळ्यावर येते, कारण तेव्हा पहाटे पाण्यावर धुके असते, पाण्यात उभी राहून वाळलेली झाडे असतात आणि मागे बेलेस डोंगरावर बर्फ असतो. सोबत कॅमेरा, लांबचे पाहणारी एक जड लेन्स, ट्रायपॉड आणि काळ्या काचेचे फिल्टर असतात. काळ्या काचेचा उपयोग काय, असे साहेबांनी विचारले. ती लावली की एकेक फोटो बराच वेळ चालतो, त्यामुळे लाटा सपाट होऊन पाणी दुधासारखे दिसते. तेवढ्या वेळात जे हलते ते फोटोत पुसले जाते. म्हणून माणूस हवा असेल तर त्याला अगदी स्थिर उभे राहावे लागते.

मंद्राकी गावचे मच्छीमार पास्खालिस त्सोलाकिस, वय ६८, यांना मी काका म्हणते आणि त्यांच्या पत्नी डोम्ना यांना काकू. माझी व्हॅन त्यांच्याच परसात उभी असते. बॅटऱ्या चार्ज करायची वायर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून येते. त्याचे ते काही घेत नाहीत.

घटनेच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होते. उद्या सूर्य उगवताना काकांनी झाडांजवळ नाव नेऊन, उभे राहून, वल्हे दोन्ही हातांनी डोक्यावर धरावे, अशी मी त्यांना गळ घातली. काकूंनी चुलीकडे तोंड ठेवूनच सांगितले की नावेच्या बुडाची एक फळी सैल झाली आहे, शनिवारी डांबर लावायचे ठरले आहे, तोवर नाव बाहेर काढायची नाही. काका मला म्हणाले, "ह्या वयात मला हीरो करतेस होय, पोरी?"

काकू म्हणाल्या, "हीरोला पोहता येत नाही, तेही येऊ दे फोटोत."

मी म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम आहे, काकू. ऊन पडलं की परत." त्यांनी मला आणखी राजमा वाढला.

सकाळी मी बांधावर ट्रायपॉड लावून उभी होते. नाव माझ्यापासून दोन-अडीचशे मीटर असेल. काका उभे राहिले आणि मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी वल्हे वर धरले. पहिले फोटो चांगले आले. नंतर ते वल्हे इकडून तिकडे हलवू लागले. फोटोत ते पुसट येत होते. मी ओरडले, "काका, हलू नका!" ते हलतच राहिले. मला राग आला.

काकांनी हॉस्पिटलमध्ये जबाब दिला आहे की धुके दाट होते, वारा उलटा होता, पोरीला काही दिसले-ऐकले नसणार. हे मला काल कळले. काका माझ्यासाठी खोटे बोलले आहेत. वारा नव्हता. वारा असता तर पाणी हलले असते आणि मी कॅमेरा उघडलाच नसता. दाट धुके नंतर आले.

काकांचा आवाज मला आला. शब्द कळले नाहीत, असे मी साहेबांना सुरुवातीला सांगितले. ते बदलून सांगते. 'पाणी' हा शब्द कळला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा म्हटला. मला वाटले, नावेत थोडे पाणी असायचेच, डब्याने उपसतील. असे खरोखर वाटले का, असे साहेबांनी विचारले. तसे वाटले तर बरे, असे मला वाटत होते. ऊन नुकतेच बर्फावर पडले होते. तसा उजेड पाहता पाहता जातो. मी आणखी फोटो काढले. ते सर्व ज्या कार्डात आहेत ते कार्ड जमा केले आहे. शेवटच्या फोटोत नाव आहे, काका नाहीत. त्यानंतर दाट धुके उतरले.

मी लेन्स काढली, तिला झाकण लावले, कॅमेरा बॅगेत ठेवला आणि बॅगेची चेन ओढली. मग धक्क्याकडे धावले. आधी का धावला नाहीत, असे साहेबांनी विचारले.

धक्क्यावर झिसिस कारावास यांची इंजिनाची नाव होती. त्यांनी जाऊन काकांना आणले. काका छातीभर पाण्यात एका झाडाला मिठी मारून होते. हात झाडावरून सोडवावे लागले, असे झिसिस यांनी मला सांगितले. काका सेरेसच्या हॉस्पिटलात आहेत, फुप्फुसांवर उपचार चालू आहेत. जिवाचा धोका टळला आहे. पुन्हा पाण्यावर जायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

परवा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात काकू भेटल्या. त्यांनी मला बाजूला बसवून घेतले. त्या म्हणाल्या, "मी पण बघत होते गं, अंगणातून. वल्हं हलवत होता. मला वाटलं, तुझ्यापुढे नखरे चाललेत म्हाताऱ्याचे. मी हसले आणि आत गेले. नवरा बुडत होता आणि मी हसले." हे त्यांनी पाद्रीबाबांनाही सांगितले आहे. रात्री झोप लागत नाही, असेही सांगितले.

त्याच वेळी मी बोलायला हवे होते. मी म्हणाले, "तुम्हाला कसं कळणार, काकू? तेवढ्या लांबून कुणाला कळलं असतं?" त्यांनी माझा हात धरला. मग पिशवीतून चीज घातलेली भाकरी काढली आणि तू जेवली नसशील, खा, असे म्हणाल्या. मी ती खाल्ली.

काकूंना ऐकू येण्यासारखे नव्हते. मला आले होते. हे लिहून घ्यावे म्हणून मी आले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझ्यावर गुन्हा होत असेल तर तो व्हावा. साहेब म्हणाले की ज्याचे नुकसान झाले तो माणूस तक्रार नाही म्हणतो आहे, तरी कागद वर पाठवतो.

हा जबाब ठाण्यातर्फे कोणीतरी जाऊन काकूंना वाचून दाखवावा, अशी मी विनंती केली. साहेबांनी पेन खाली ठेवले व म्हणाले, "ते आमचं काम नाही, बाई. तुमची गाडी बाहेरच उभी आहे."

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. एके ठिकाणी काही गाळावे असे मनात आले होते. गाळायला सांगितलेले नाही.

जबाब देणार,
(सही) एवांथिया दुकारी