पहिली कढई फेकली

अवं, उठू नका, बसा गुमान — अजून तासभर तरी लागंल. पयलं औषध बिघडलं म्हणं. मग काय, दुसरं करायलेत की. व्हय, इथंच, धाराशिवातच, त्या जाड दाराआड! मला वाटलं पुण्या-मुंबईवरनं बाटलीत यायलंय, तर ती पांढऱ्या कोटातली समृद्धी म्हणली, "नाही मावशी, लांबून आणलं तर वाटेतच त्याचा दम जातो. आम्ही सकाळी इथंच करतो." म्हणजे आपल्या भूमच्या भट्टीवरच्या खव्यावाणीच की वो! सकाळी यंत्राचं दूध काढायचं — दूध काढणंच म्हणत्यात त्येला, शप्पथ — कुपीत कालवायचं, उकळायचं, गार करायचं, कागदाच्या पट्टीवर तपासायचं, आन् मग सुईनं तुमच्या अंगात. मग मेंदूचा फोटु काढायचा. त्यात औषध जिथं चकाकायचं तिथं नीट चकाकलं तर नुसताच हात थरथरतोय. न्हाय चकाकलं तर कंपवात. आन् पट्टीवर नापास झालं की सगळं फेकायचं!

म्या काय म्हणलं असंल तिला? सांगा. — सांगा की! बरं, मीच सांगते. म्हणलं, "पोरी, फेकती कशाला? तळ खरवडू नगं, वरचं वरचं काढून दे, कुणाला कळतंय." अवं, जल्म गेला भट्टीपुढं, करपलेल्या कढईला दुसरं काय करतो आपण? पोरगी हसून हसून भिंतीला टेकली. दारावरचा राखणदार हसला. तुम्ही? तुम्ही न्हाय हसला.

तुम्ही हसतच न्हाय वो आता. पयल्यांदा वाटलं, दिग्विजयनं गॅसची भट्टी आणली म्हणून पोरावर रुसला. मग वाटलं, माझ्यावरच. म्या तुमच्या बहिणीची नक्कल केली — सख्ख्या नणंदंची! — तिच्यावर तर तुम्ही पूर्वी कढईत उलथणं सोडून पोट धरायचा. सगळा खवा लागायचा खाली. आता तोंड कसं, तव्यावर टाकलेल्या भाकरीवाणी. फुगतच न्हाय. शेजारची म्हणली, "नागूबाई, धन्याचं मन उडालं जणू तुमच्यावरनं." तिला लई बोलले म्या. घरात आले आन् धुराचं निमित्त करून रडले. आता गॅसला कुठला आलाय धूर? तुम्ही ते बी इचारलं न्हाय.

मग डाक्टरीणबाई काय म्हणल्या, ऐकलं न्हवं? ह्या दुखण्यात तोंड आखडतं, माणूस आत हसतो पर भाईर दिसत न्हाय. तवापासनं म्या येडाई देवीला काय मागायले, ठावं हाय? ...जाऊ द्या. न्हाय, जाऊ द्या म्हणलं ना — बघू नका असं. बरं, ऐका. मागायले, फोटुत दुखणं निघू दे. बायकोनं मागावं का वो असं? पर दुखण्याला गोळी तरी हाय. मन उडालं असलं तर कोण देतंय गोळी?

ती बघा, समृद्धी हात करायली. दुसरी कढई जमली वाटतं. चला, उठा — सावकास. आधी सुई, मग फोटु. फोटु काढताना मुंडी हलवायची न्हाय, बोलायचं न्हाय, हसायचं न्हाय म्हणं. तुम्हाला काय, घरीच तालीम झालीया.

आता पदर सोडा. अवं, सोडा की, लोक बघायलेत... हात एवढा थरथरतोय आन् पकड बघा माणसाची —

बरं. नका सोडू.