ऋतुजा शनिवारी यायची

प्राचार्य महोदय, कदम सर, कॉलेजच्या मुलामुलींनो, आणि अनंतराव, वहिनी...

थोडं थांबते. माफ करा.

मी सुनंदा ठाकूर. आगरदांड्याच्या अलीकडे एक छोटी वाडी आहे, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुख्याध्यापिका आहे. दोन शिक्षक आणि चाळीसेक मुलं, एवढीच आमची शाळा. तीस वर्षं झाली मी मुलांसमोर बोलते आहे. पण काल रात्रभर चार ओळी लिहायला बसले आणि एकही लिहून झाली नाही. तेव्हा कागद न घेताच आले आहे. चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

ऋतुजाचे बाबा, अनंतराव, पुढे बसलेत. त्यांना कमी ऐकू येतं. म्हणून मी त्यांच्याकडे तोंड करूनच बोलणार आहे. मागच्यांना आवाज पोचला नाही तर हात वर करा.

एकवीस वर्षांची पोर. ताप काय येतो, सहा दिवसांत काय होतं. आज इथे तिचा फोटो, त्याला हार, आणि आपण सगळे खाली बसलेलो. मुलांनो, तुमच्यातल्या कित्येकांची ती वर्गमैत्रीण. तुम्ही तिला माझ्याहून जास्त ओळखता. मला ती फक्त शनिवारची माहीत आहे. दीड वर्षाचे शनिवार. तेवढंच मी सांगू शकते.

पहिल्यांदा ती आली तेव्हा एकटी नव्हती. विद्यापीठाच्या विस्तार उपक्रमात आमची वाडी कॉलेजनं दत्तक घेतली होती. कदम सर पंधरा मुलं घेऊन आले. भिंती रंगवल्या, झाडं लावली, मुलांना खाऊ वाटला, फोटो काढले. मी चहा दिला. खरं सांगते, मनात म्हटलं, दरवर्षी कोणी ना कोणी येतं. यांचे तास भरले की हेही जातील.

निघताना ही मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, मी पुढच्या शनिवारी येऊ?"

मी म्हटलं, "कशाला? तुझे तास तर भरले ना?"

"भरले. पण मला मुलांना वाचून दाखवायचंय."

मी म्हटलं, "ये." आणि विसरून गेले.

शनिवारी सकाळी शाळा भरायच्या आधी ही पायरीवर हजर! किहीमची मुलगी. शुक्रवारी संध्याकाळी मुरूडला मावशीकडे यायची, मुक्काम करायची आणि शनिवारी पहिल्या एसटीनं आमच्याकडे. तिला कोणी सांगितलं नव्हतं. कुठे तिच्या नावापुढे खूण होत नव्हती. तरी ती यायची. पावसात यायची, परीक्षा असली तरी यायची. एकदा एसटी बंद पडली तर टेम्पोत मासळीच्या टोपल्यांजवळ बसून आली आणि दिवसभर मुलं नाक दाबून हसली.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगायला मला लाज वाटते. पण ते सांगितल्याशिवाय ऋतुजा कोण होती ते तुम्हाला कळणार नाही.

माझ्या वर्गात दर्शना नावाची एक मुलगी आहे. आज आली आहे ती, तिसऱ्या रांगेत, आईजवळ. दर्शना पहिलीपासून माझ्याकडे. बोलणं बोबडं. विचारलं एक, उत्तर दुसरंच. श्रुतलेखन घातलं की वहीत दोन शब्द आणि पुढे कोरं. मी तिच्यासाठी जादा तास घेतले. रागावले. एकदा हातावर पट्टीही मारली. शेवटी ठरवून टाकलं, पोर डोक्यानं कमी आहे. तिच्या आईला तसं सांगितलं. शेजारच्या बाईंना सांगितलं. प्रगतिपुस्तकात सभ्य भाषेत लिहिलंसुद्धा.

ऋतुजा आल्यावर चौथ्या का पाचव्या शनिवारची गोष्ट. मी फळ्यावर लिहीत होते, ती वर्गाच्या मागे उभी होती. सुट्टी झाल्यावर जवळ आली. जरा घाबरतच म्हणाली, "बाई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल की."

"दर्शना तुमच्याकडे बघत नाही. तुमच्या ओठांकडे बघते. तुम्ही फळ्याकडे वळलात की तिची पेन्सिल थांबते. तुम्ही वर्गाकडे तोंड केलंत की परत चालते."

मी म्हटलं, "म्हणजे काय?"

ती म्हणाली, "बाई, तिला ऐकू येत नाही."

तीन वर्षं. तीन वर्षं ती पोर माझ्यापासून दोन हातांवर बसत होती. मला कळलं नाही. डी.एड. झालेली मी, प्रशिक्षणं घेतलेली मी, मला कळलं नाही. ह्या मुलीला पाच शनिवारांत कळलं.

मी विचारलं, "तुला कसं गं कळलं?"

तेव्हा तिनं घरचं सांगितलं. अनंतरावांची उमर मांडव्याच्या लाँचवर गेली, खाली इंजिनाजवळ. कान तिथेच गेले. घरात सगळे त्यांच्या समोर जाऊन बोलतात. पाठमोरं कोणी बोलत नाही. ती म्हणाली, "बाई, बाबा जसे बघतात ना माझ्या तोंडाकडे, अगदी तशीच दर्शना बघते."

मी त्याच दिवशी तिला घेऊन दर्शनाच्या घरी गेले. वंदना, दर्शनाची आई, मासळी विकते. नुकतीच बाजारातून आली होती. मी सांगितलं आणि वंदना भडकली. वंदना, सांगू ना? ती मान हलवतेय. ती म्हणाली, "बाई, आधी म्हनालात पोर मंद हाय. आता म्हनता बहिरी हाय. उद्या काय म्हनाल? उद्या हिचं लगीन कोन करनार?"

तिचं बरोबरच होतं की!

ऋतुजा मात्र तिथेच जमिनीवर बसली. म्हणाली, "काकी, माझ्या बाबांना ऐकू येत नाही. त्यांना कानाला मशीन लावायची लाज वाटते. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी त्यांना तीनदा ओरडून सांगितलं. सगळ्या आळीला कळलं, शेजारची आजी साखर घेऊन आली, तरी बाबा विचारत होते, काय झालं?"

वंदनाला हसू आलं. हसता हसता ती रडायला लागली.

ऋतुजा म्हणाली, "काकी, ती वेडी नाही हो. आपण काय बोलतो ते तिला समजत नाही म्हणून ती गप्प असते. तपासून तर बघू. मी येते तुमच्याबरोबर."

आणि गेली, सरकारी दवाखान्यात. एकदा नाही, सहा वेळा. कधी डॉक्टर नाहीत, कधी कागद अपुरा, कधी यंत्र आलेलं नाही. सहा वेळा आपलं कॉलेज बुडवून ही मुलगी मासळी विकणाऱ्या बाईबरोबर आणि तिच्या मुलीबरोबर बाकड्यावर बसून राहिली. वंदनाचा बाजार बुडायचा. तिसऱ्या खेपेनंतर वंदना म्हणाली, "पुरे झालं, मी नाय येनार." तेव्हा ऋतुजा मुरूडच्या बाजारात जाऊन तिच्याशेजारी बसली. मासळी संपेपर्यंत बसली आणि मग दोघी मिळून गेल्या.

यंत्र लागलं त्या सोमवारी दर्शना वर्गात आली. मी फळ्यावर तारीख लिहीत होते. मागून तिचा आवाज आला, "बाई, खडू वाजतो?"

मी वळून बघितलं. ती डोळे एवढे मोठे करून बसली होती. मी परत लिहिलं. ती म्हणाली, "वाजतो!"

तीस वर्षं मी खडू हातात घेतेय. मला ती तारीख पुढे लिहिता आली नाही.

त्या शनिवारी मी हे ऋतुजाला सांगितलं. मला वाटलं आनंदानं उड्या मारेल. ती म्हणाली, "बाई, बाकीच्या शाळांत किती दर्शना असतील?"

झालं. तिथून तिनं ध्यास घेतला. डॉक्टरांकडून एक साधी पद्धत शिकून आली. मुलाला पाठमोरं उभं करायचं, मागून हळू आवाजात शब्द म्हणायचा. होडी. लिंबू. पाटी. मुलानं तो परत म्हणायचा. नाही म्हणता आला तर नाव लिहून घ्यायचं आणि पुढे तपासायला न्यायचं. आमच्या आसपासच्या शाळांतून ती अशी फिरली. कधी कॉलेजच्या दोन मैत्रिणी बरोबर, कधी एकटी. सात मुलं सापडली. सात. त्या सातही मुलांना माझ्यासारख्याच कोणी ना कोणी बाईंनी, गुरुजींनी 'लक्ष देत नाही' म्हणून मागच्या बाकावर बसवलं होतं.

आता शेवटचा शनिवार.

मुलांनो, हे मी अनंतरावांना घरी जाऊन सांगितलंय. आज तुमच्यासमोरही सांगते.

त्या शनिवारी ती आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी कपाळाला हात लावला. चटका बसला. मी म्हटलं, "अगं, तुला ताप आहे." म्हणाली, "रात्रीपासून आहे बाई, गोळी घेतलीय. उतरेल." आम्हाला त्या दिवशी जवळच्या दोन शाळांत जायचं होतं. तिथल्या मुलांची यादी सोमवारी दवाखान्यात द्यायची होती. मी तिला आल्याचा चहा करून दिला. आणि मी म्हणाले, "एवढी एक यादी होऊ दे, मग जा घरी."

मी म्हणाले असं.

दुपारी दीडपर्यंत ती उभी होती. मुलांच्या मागे उभी राहून, होडी, लिंबू, पाटी म्हणत. मध्ये एकदा खिडकीला धरून थांबली. मी बघितलं. मला वाटलं, उन्हानं झालं असेल. एसटीत बसवताना मी तिला म्हटलं, घरी पोचलीस की फोन कर. तिनं केला. हसत होती.

सोमवारी अलिबागला दाखल केलं. डेंग्यू निघाला. मंगळवारी मुंबईला हलवलं. गुरुवारी दुपारी कदम सरांचा फोन आला. नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, सर, नको. सांगू नका.

डॉक्टर म्हणाले, एका दिवसानं फरक पडला नसता. मी ते ऐकून घेतलं. पण मग मी तिच्यासमोर त्या सकाळी आई म्हणून का नाही उभी राहिले? माझ्या पोटच्या मुलीला ताप असता तर मी यादी पुरी करायला सांगितली असती का?

किहीमला मी हेच म्हटलं, तेव्हा अनंतराव म्हणाले, "बाय, तिला मी कधी थांबवू शकलो न्हाय. तुम्ही काय थांबवनार?" आणि वहिनींनी मला पाणी आणून दिलं. ज्यांची लेक गेली त्यांनी मला पाणी दिलं. अनंतराव, तुमचं मन मोठं आहे. पण मी सांगायला हवं होतं. तिनं ऐकलं नसतं, तरी मी सांगायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी शाळेत मुलं आली. त्यांना कळलं नव्हतं. कसं सांगायचं? मोठ्यांना सांगितलं, लहान रडायला लागली. दर्शनाला मी बाजूला घेतलं. तिच्यासमोर बसले, म्हटलं, ऋतुजाताई आता येणार नाही. तिनं विचारलं, "या शनिवारी?" मी म्हटलं, "नाही बाळा. कधीच नाही. ताई वारली."

दर्शनानं माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात वर नेले, कानातली यंत्रं काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, "परत सांगू नका."

तीन दिवस तिनं ती लावली नाहीत. वंदना समजावून थकली. लाव म्हणायला मला कुठला हक्क होता? चौथ्या दिवशी ती आपणहून लावून आली आणि आपल्या जागेवर बसली. वही तपासताना तीच हळूच म्हणाली, "बाई, पहिलीत नवीन मुलगा आलाय. तो पण तोंडाकडे बघतो."

मी आणि ती दोघी पहिलीच्या वर्गात गेलो. तिनं त्याला पाठमोरं उभं केलं. ती मागे उभी राहिली, आणि शब्द म्हणाली. पोराला काही कळलं नाही. ते आपलं समुद्राकडे बघत राहिलं. मी त्याचं नाव लिहून घेतलं आहे. पुढच्या आठवड्यात त्याच्या आईबरोबर मी स्वतः जाणार आहे, सहा खेपा घालाव्या लागल्या तरी.

मला आणखी बोलवत नाही.

कॉलेजच्या मुलांनो, मी तुम्हाला उपदेश करायला आले नाही. रडावंसं वाटलं तर रडा, आमच्या शाळेत येऊन रडलात तरी चालेल. दार उघडं असतं.

ऋतुजा, पोरी, मी तुला गं, अगं म्हणत राहिले. वयानं मी तुझ्या आईच्या बरोबरीची. तू पायरीवर दिसलीस की वाकून माझ्या पाया पडायचीस, मी तुझ्या पाठीवर थाप मारायचे. आज मी वाकते. तुझ्या बाईंचा तुला नमस्कार.

आता सगळ्यांनी उभं राहू या. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका. अनंतराव, वहिनी, तुम्ही बसूनच राहा. आम्ही उभे आहोत.