मारियापाशी तीन हाका

...आणि मी म्हणतो, पायात ते पोहायचे बदकाचे पंजे चढवून बोटीवर हिंडायचंच कशाला? बोटीच्या काठावर बसा, मग चढवा! आमच्या बिसाया बोलीत सांगितलं, त्यांच्या टागालोगमध्ये सांगितलं, हातवारे करून सांगितलं, तरी मनिलाहून आलेले वेंडेल सर फताक फताक करत बोटभर फिरले आणि शेवटी भाताच्या टोपात पाय घालून उभे राहिले! आमचा बोटवाला नोंग इस्को ओरडला, "सर, तो भात आहे, पायरी नाही!" तर सर शांतपणे म्हणतात, "मी सगळे व्हिडिओ बघून आलोय." आता बोला! व्हिडिओ बघून कुणाचं पोट तरी भरतं का?

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मला पाहुणे घेऊन बोटीवर पायच ठेवायचा नव्हता. माझा मानोय, थोरला भाऊ क्रिसांतो, जाऊन त्या दिवशी चाळीस दिवस होत होते. अख्खा जन्म या माणसानं लोकांना समुद्राखाली नेलं आणि सुखरूप वर आणलं. वादळानं सोडलं, शार्कनं सोडलं, आणि नेलं कुणी? डासानं! तापाच्या एवढ्याशा डासानं! हसा, हसा... दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर मीही हसलो असतो.

आमच्यात चाळीस दिवस जीव इथंच घुटमळतो, मग त्याला निरोप द्यायचा. पाद्रीबाबांची प्रार्थना झाली, पण आमची नानाय, आई, काही ऐकेना. "देवळात कधी टिकला का तो? तो खाली मारियापाशीच बसला असणार." खाली, प्रवाळाच्या कडेला, कोळ्यांनी मारियामातेची मूर्ती उभी केली आहे, मानोय रोज तिच्यापुढं मान लववायचा. आणि आमच्याकडे रानातून, नदीवरून परत निघताना नावानं हाक मारतात, जीव मागं राहू नये म्हणून. नानाय म्हणाली, "जा, तीनदा हाक मार. जेवायला मारतात तशी, मोठ्यानं. नाही मारलीस तर पोरगं तिथंच राहील, गारठ्यात."

मी म्हटलं, "नानाय, पाण्याखाली ओरडता येत नाही!"

"तुला? तुला तर घरात गप्प बसता येत नाही!"

गेलो सुट्टी मागायला. नोंग इस्को म्हणतो, "दोंग, पोरा, चार पाहुणे आलेत. तू नाही तर कोण नेणार त्यांना? क्रिसां..." आणि तिथंच जीभ चावली त्यानं. मग दोघंही दोरखंडाची गाठ सोडवायला लागलो, गाठ नसतानाच! शेवटी मी म्हटलं, नेतो. मलाही तिथंच जायचं होतं ना!

तर चार पाहुणे. वेंडेल सर, नवं लग्न झालेलं एक जोडपं, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या लोइदा मॅम. मॅमना मी सांगितलं, मास्कच्या काचेत थुंका, म्हणजे धुकं धरत नाही. मॅम म्हणाल्या, "शी! लोकांसमोर?" आणि पाठ फिरवून, रुमाल आडवा धरून, इतक्या सभ्यपणे थुंकल्या की त्या काचेला काही कळलंच नाही. वेंडेल सरांनी मास्क घातला तो उलटा. जोडप्याचा हट्ट एकच, हात सोडणार नाही. अरे, लग्न झालंय, पळून थोडंच जाणार आहे कुणी? हात सुटला तर नाक दाबून कान मोकळे करता येतील! पण नाही. कानात कळ आली की दोघं एकमेकांचंच नाक दाबायचे!

पाण्यात उतरलो. आता मारिया समोर दिसते आहे, हातभर अंतर, आणि मागं बघतो तर वेंडेल सर गायब! कुठं? वर! फुग्यासारखे चाललेत! मी जाऊन पाय धरून खाली ओढले. पुन्हा मारियाकडे वळलो, तर ते जोडपं प्रवाळावर बसलंय, बागेतल्या बाकावर बसावं तसं! अरे, जिवंत आहे ते! तुमच्या आजोबांच्या आधीपासून वाढतंय! आणि पाण्याखाली ओरडता येत नाही हो! नुसते डोळे वटारायचे, तेही काचेतून. त्यांना वाटलं मी फोटोसाठी जवळ या म्हणतोय. दोघं आणखी जवळ सरकली. तेवढ्यात वेंडेल सर एकदम स्थिर झाले, चेहऱ्यावर अशी काही शांती पसरली की मी ओळखलं, गेला! भाड्याचा सूट गेला, आतच धार सोडली! रात्री धुणार कोण? मी! आणि पाण्याखाली ओरडता येत नाही!

कसेबसे चौघं एका ओळीत तरंगायला लागले. मी मारियासमोर गेलो. मान लववली. तिच्या खांद्यावर शेवाळ चढलं होतं. मानोय रोज बोटानं पुसायचा, हे मला तेव्हा कळलं. आणि काय झालं कोण जाणे, तोंडातली नळी दातांत धरून मी ओरडलो. मानोऽऽय! बुडबुडे निघाले नुसते, ढगाएवढे. दुसऱ्यांदा ओरडलो. पाणी बाहेर ठेवायचं म्हणून घातलेला मास्क आतून भरायला लागला. तिसऱ्या हाकेसाठी छाती भरायला गेलो, आणि नळीतून काहीच येईना!

सकाळच्या घाईत सगळ्यांच्या हवेचे काटे मी तपासले होते. माझाच तेवढा राहिला. पाठीवर आदल्या फेरीची, अर्धी बाटली! शिकवणाराच हवेविना! नाक कापलं की हो!

लोइदा मॅमनी काय करावं? थुंकायला लाजणाऱ्या त्या बाईनं आपली जास्तीची पिवळी नळी सरळ माझ्या तोंडात कोंबली, माझा पट्टा घट्ट धरला, आणि मोकळ्या हातानं मीच शिकवलेली खूण मला करायला लागल्या, दमानं, दमानं! तान्ह्या पोराला न्यावं तसं मला वर आणलं.

वर आलो, नळी थुंकली, आणि राहिलेली तिसरी हाक घातली. पार किनाऱ्यापर्यंत गेली! नोंग इस्कोला वाटलं, मी बुडतोय. त्यानं टायर फेकला, तो नेमका वेंडेल सरांच्या डोक्यात. कुणी हसलं नाही. मग मला रडू थांबवेचना... तिथंच, टायरला धरून, हुंदके देत राहिलो.

बोटीवर लोइदा मॅमनी टॉवेल गुंडाळला, पाठीवरून हात फिरवला आणि मोठ्या अनुभवी माणसासारख्या म्हणाल्या, "लाजू नकोस रे, दोंग. पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं."

आता काय सांगणार त्यांना, भावाला हाक मारत होतो म्हणून? म्हटलं, "होय मॅम. पहिलीच वेळ आहे."