दोन डोस आणि वर चौदा दिवस

(इंदिरानगरमधला फ्लॅट. ऑगस्ट २०२१, शनिवारची दुपार. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर पितळेचे दिवे, राख, चिंच. म्हातारा-म्हातारी दिवे घासतायत, जवळ सून.)

यशश्री: काल पूर्ण झाले, बाबा. चौदा दिवस.

बाळाजी: टोचल्याचा दिवस धरायचा नसतो.

यशश्री: नाही धरला. तेवीस जुलैला तुमचा आणि आईंचा दुसरा डोस झाला. काल सहा ऑगस्ट. सर्टिफिकेटही आलंय मोबाइलवर. बघता?

बाळाजी: तू बघितलंस ना. झालं तर.

उत्तरा: माझं काय लिहिलंय त्यात? पहिल्या खेपेला त्यांनी मला पुरुष करून टाकलं होतं.

यशश्री: दुरुस्त झालंय, आई. स्त्री लिहिलंय. मयुरेशनेच तक्रार टाकली होती तेव्हा.

उत्तरा: हो का. बरं झालं.

यशश्री: खालचे सावळीराम काका परवा नगरला मुलीकडे राहून आले. दोन डोसवाल्यांना आता कुणी अडवत नाही म्हणाले.

उत्तरा: आम्हाला तरी कोण अडवतंय? हातालाच कळत नाही माझ्या. आज सकाळी दुधाची पिशवी साबणाने धुतली. मग आठवलं, आता गरज नाही म्हणे. पुसून ठेवली. थोड्या वेळाने बघते तर परत धुतेय.

बाळाजी: धुतलेली बरी.

उत्तरा: हे तर गॅलरीत बसतात तेही मास्क लावून. समोर कोण असतं? एक कावळा.

यशश्री: मी दुसरंच बोलायला बसलेय. अमरधामातून परत फोन आला होता.

बाळाजी: हं.

यशश्री: हा तिसरा. त्यांच्या कपाटात जागा उरलेली नाही. दुसऱ्या लाटेतल्या ज्या अस्थी अजून कुणी नेल्या नाहीत, त्या सोमवारी एक संस्था एकत्र विसर्जित करणार आहे. सतरा नंबरच्या खणात आपली पिशवी आहे, ती तुम्ही नेताय की त्यांच्यात देऊ, असं विचारत होते.

बाळाजी: न नेलेल्या म्हणजे बेवारस.

यशश्री: तसं नाही म्हणाले ते. फार नीट बोलत होते.

बाळाजी: नीट बोलले तरी अर्थ तोच. गंगेवर रामकुंडाशी बसणाऱ्या बाळाजी गुरुजींचा मुलगा बेवारसांत गेला.

उत्तरा: मग न्या की. कुणी हात धरलाय तुमचा?

यशश्री: आपण तिघंही पॉझिटिव्ह होतो, म्हणून दहावा श्रेयस भावोजींनी केला. अस्थीही तेच सोडणार होते. तुम्ही पुतण्याला नको म्हणालात. माझ्या मुलाच्या अस्थी मीच देईन, दुसऱ्याने हात लावायचा नाही, असं म्हणालात.

बाळाजी: म्हणालो. पण तेव्हा जाता येत नव्हतं. मयुरेशला शब्द दिला होता.

यशश्री: माहीत आहे. व्हिडिओ कॉल मीच लावला होता. "बाबा, दोन डोस आणि वर चौदा दिवस. तोपर्यंत गंगेवर पाय ठेवायचा नाही."

उत्तरा: तोंडावरचा मास्क बाजूला करून बोलला. मी सांगत होते, आधी लाव तो, बोलू मग. ऑक्सिजनपेक्षा यांचीच काळजी.

यशश्री: तो शब्द काल पुरा झाला, बाबा. आणि उद्या रविवार आहे. सोमवारपासून मला अंबडला रुजू व्हायचंय. त्याच्याच कंपनीत, त्याच्याच मजल्यावर. पहिले दोन महिने सुट्टी मागता येणार नाही. म्हणून म्हणते, उद्या सकाळी जाऊ या.

बाळाजी: उद्या अवस आहे.

उत्तरा: दिव्याची अवस. म्हणून तर हे काढून बसलेय. यंदा सण नाही, तरी ओवीला ओवाळायला हवं. त्याला ओवाळत आले चाळीस-बेचाळीस वर्षं. त्याच्या पोरीचं चुकवायला नको. काय करतेय ती?

यशश्री: आत क्लास चाललाय तिचा. बाबा, अवस चालते ना? तुम्हीच यजमानांना सांगता, पितरांच्या कामाला अवस उत्तम.

बाळाजी: पितरांच्या कामाला.

यशश्री: चुकलं का माझं?

बाळाजी: नाही, बरोबर बोललीस. तो त्यांच्यात गेला हे मी अजून तोंडाने म्हटलेलं नाही, इतकंच. चाळीस वर्षं गंगेवर बसलो. कुणाचा बाप, कुणाची आई. कुणाचा मुलगाही असायचा. मी नाव विचारायचो, गोत्र विचारायचो आणि पुढे चालू. डोळे पुसा, मागे माणसं थांबलीत, असंही म्हटलंय मी लोकांना. आता नाव मीच सांगायचं आणि मंत्रही मीच म्हणायचा. कसं करतात ते सुचत नाही.

यशश्री: नाव मी सांगते. गोत्रही माहीत आहे मला. अस्थी मी सोडते. तुम्ही पायरीवर बसून नुसतं म्हणा.

बाळाजी: तू सोडणार?

यशश्री: गेल्या वर्षी सुरगाण्याच्या साळूबाईंनी नवऱ्याचे पिंड दिलेच की. तुम्ही इथून फोनवर सांगत होतात, मयुरेश स्पीकर धरून बसला होता. रेंज गेली की त्या बाई ताट घेऊन टेकडीवर चढायच्या. भाऊबंद कुरकुरले तेव्हा तुम्हीच म्हणालात, शास्त्राला माणसाची अडचण कळते.

उत्तरा: लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

बाळाजी: शास्त्राची अडचण नाहीच इथे.

यशश्री: मग कशाची आहे?

बाळाजी: उद्या नको. परवापासून श्रावण लागतोय. संस्थेला म्हणावं, थोडं थांबा. एखादा बरा दिवस बघू.

उत्तरा: पुन्हा तेच.

बाळाजी: काय तेच?

उत्तरा: काही नाही. यशश्री, ती समई सरकव इकडे. आणि चिंचेची वाटी.

यशश्री: आई, बोला ना.

उत्तरा: तुला ठाऊक आहे सगळं. त्याने सांगितलंच असेल.

यशश्री: सांगितलं होतं.

बाळाजी: काय सांगितलं होतं त्याने?

यशश्री: एवढंच, की सोमवारचं बुकिंग बाबांना चालत नाही. हसत सांगितलं होतं.

बाळाजी: हसत.

यशश्री: हो. रागावला नव्हता.

उत्तरा: आता तुम्ही बोला. तीन महिने या घरात जेवण होतंय, भांडी घासली जातायत, पण यावर कुणी बोलत नाही. मीही नाही बोलले.

बाळाजी: काय बोलायचं? एप्रिलची बारा तारीख. सोमवार, सकाळी अकराची वेळ, आम्हा दोघांची. हॉस्पिटल इथून चालत जाण्यासारखं. किती खटपट करून मिळवलं होतं त्याने. रात्रभर मोबाइल घेऊन बसला होता. मी पंचांग उघडलं. सोमवती अवस. म्हटलं, नवीन औषध अंगात घ्यायचं, अवसेला कशाला? दुसऱ्या दिवशी पाडवा आहे, साडेतीन मुहूर्तांतला. एका दिवसाने काय बिघडतंय?

यशश्री: पुढचं कुणाला माहीत होतं, बाबा.

बाळाजी: मला तिथी माहीत होती. तेवढीच माहीत होती.

उत्तरा: सगळं सांगा.

बाळाजी: पाडव्याचं बुकिंग मिळेना. मग तो पहाटे सहाला लांबच्या एका केंद्रावर जाऊन उभा राहिला, टोकन घ्यायला. आम्हाला गाडीत बसवलं, काचा बंद करून. म्हणाला, तुम्ही उतरायचं नाही, नंबर आला की नेतो. लस आलेलीच नव्हती. दुपारी एकला आली. सात तास तो त्या रांगेत. मधूनच यायचा, काचेवर टकटक करायचा, पाणी हवं का म्हणून. मी आतून हात हलवायचो, नको म्हणून. मला वाटत होतं, पाडव्याचं पुण्य मिळतंय.

उत्तरा: त्याला स्वतःला मिळणारच नव्हती. पंचेचाळीसच्या वरच्यांनाच देत होते आणि हा त्रेचाळीसचा. म्हणाला, आई, आख्ख्या रांगेत सगळ्यांत तरुण मीच.

यशश्री: साडेतीनला आलात तुम्ही घरी. मी श्रीखंड वाढलं तर नको म्हणाला. आधी गुढी उतरवतो, नंतर विसरेन, म्हणाला. सूर्यही मावळला नव्हता तेव्हा.

बाळाजी: सहाव्या दिवशी ताप. मग सगळ्यांनाच आला. मला आणि हिला दोन दिवस कणकण, बस्स.

यशश्री: कंपनीतही त्या आठवड्यात अकरा जण पॉझिटिव्ह निघाले होते. त्याला कुठून लागला हे कुणीच सांगू शकत नाही. डॉक्टरही तेच म्हणाले.

बाळाजी: मीही यजमानांना हेच सांगायचो. कुणाच्या हातात काय असतं, म्हणायचो. माणसं मान हलवायची, मला वाटायचं त्यांना बरं वाटलं. काही बरं वाटत नाही त्याने.

उत्तरा: हे एकटेच धरून बसलेत. पाडव्याला मीही हो म्हटलं होतं. सणाचा दिवस आहे, बरंच की, असं मी म्हटलं स्वयंपाकघरातून. त्याला वाटलं, दोघांचीही इच्छा आहे, कशाला मोडा. तेव्हा निम्मं माझं. मला रडूही येत नाही आता. दिवा घासला की चकाकतो, एवढं दिसतं. पुढचा घेते.

यशश्री: आई.

उत्तरा: मला कुणी समजवायला नको. पण तो सोमवार यांनी पुढे ढकलला तेव्हा मी गप्प बसले. हा सोमवार नाही ढकलू देणार. उद्या तुम्ही गेला नाहीत तर परवा माझा मुलगा परक्या माणसांच्या हाताने जाईल. मग आयुष्यभर पंचांग घेऊन बसा.

यशश्री: बाबा, तुमचा फोन वाजतोय. खंडेराव, दिंडोरीचे. तुमचे यजमान ना हे?

बाळाजी: लाव स्पीकरवर. माझे हात राखेचे आहेत.

खंडेराव: नमस्कार गुरुजी. बरे हाय ना?

बाळाजी: आहे. बोला.

खंडेराव: मयुरेशदादांचं कळलं, पण येता आलं नाय. तवा गाव बंद होतं, आन् मंग तोंड दाखवायची लाज वाटाया लागली.

बाळाजी: असू दे.

खंडेराव: एक इचारायचं व्हतं. आईचा दुसरा डोस ऱ्हायलाय. उद्या गावातच कॅम्प लागतोय, शाळेत. पर ती म्हनती, उद्या अवस हाय, आधी गुरुजींना इचार. बुधवारी तालुक्याला मिळंल, पर तिथं लय गर्दी असती. तरी म्हनलं, बुधवार कसा हाय ते इचारावं.

उत्तरा: सांगा त्यांना.

खंडेराव: गुरुजी? पंचांग हाताशी नसंल तर मागून करतो फोन.

बाळाजी: नको. उद्याच घ्या.

खंडेराव: अवस चालंल?

बाळाजी: चालेल. शाळा किती लांब आहे?

खंडेराव: घराच्या मागंच.

बाळाजी: मग उद्याच. आणि तुमचे झाले का, खंडेराव?

खंडेराव: माझा पहिला बी नाय अजून. टमाट्याच्या कामात ऱ्हाऊनच गेलं.

बाळाजी: उद्या आईबरोबर घेऊन टाका. आणि ऐका. रांग असली तर आईला, कुसाबाईंना, खुर्ची द्या आणि त्यांनाच रांगेत बसू द्या. तुम्ही लांब, मोकळ्यात उभे राहा, नंबर आला की पुढे या. त्यांच्याऐवजी तुम्ही रांगेत उभं राहायचं नाही.

खंडेराव: म्हातारीला बसवून मी लांब उभं ऱ्हायचं? लोक काय म्हनतील?

बाळाजी: म्हणू देत. त्यांना एक डोस मिळालाय, तुम्हाला एकही नाही. माझं नाव सांगा लोकांना.

खंडेराव: बरं, गुरुजी. पंचांगात तसंच लिवलंय म्हनून सांगतो आईला. नायतर ती ऐकायची नाय.

बाळाजी: सांगा.

यशश्री: ठेवला त्यांनी.

उत्तरा: पंचांग न बघता सांगितलंत.

बाळाजी: यंदाचं मी उघडलेलंच नाही. पाडव्याला पूजा करून उघडायचं असतं. त्या दिवशी आपण गाडीत होतो. मग राहिलंच ते. तिथ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघतो.

यशश्री: उद्या सात वाजता निघू या?

बाळाजी: साडेसहाला. सातनंतर गर्दी होते रामकुंडावर. आधी अमरधाम, मग तिकडे. अस्थी तूच सोड. मी म्हणेन. मध्ये थांबलो तर घाई करू नकोस, म्हणेन मी.

यशश्री: नाही करणार.

उत्तरा: मी येत नाही. ओवीजवळ थांबते. तुम्ही येईपर्यंत पाणी तापवून ठेवते.

यशश्री: तिथे पावती दाखवावी लागेल. आई, मे महिन्यात तुमच्याकडे दिली होती ना मी?

उत्तरा: आहे, देवघरात. नव्या पंचांगात ठेवलीय, पहिल्याच पानात. म्हटलं, हे उघडतील तेव्हा यांनाच सापडेल.

बाळाजी: तू काढ, यशश्री. मी तोवर दिवे पुसून ठेवतो.